निळ्या ठिपक्याचं गणित

माझी धाकटी मावशी अमेरिकेत नर्स आहे, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात. तिकडे रविवारचा मिस्सा आटोपला की ती व्हिडिओ कॉल करते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि आई भांडी आवरता आवरताच बोलत असते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका कॉलमध्ये मावशीच्या मागच्या खिडकीतून शेजाऱ्याचं अंगण दिसत होतं. अंगणात एक पांढरी पाटी. पाटीवर ना नाव, ना चिन्ह, ना घोषणा. नुसता एक मोठा निळा गोल.

मी विचारलं, "मावशी, ते काय गं? लस टोचायचं केंद्र आहे काय?"

मावशी हसली. म्हणाली, "नाही गं, इलेक्शनचं आहे ते. आमच्या ओमाहाचं मत वेगळं मोजतात. सगळं नेब्रास्का लाल, आणि त्यात आम्ही निळा ठिपका."

वेगळं मोजतात म्हणजे काय, हे काही ती मला नीट सांगू शकली नाही. एवढंच म्हणाली, की आधी ह्यूस्टनला असताना निवडणुकीच्या वेळी कुणी दारात फिरकत नसे, आणि ओमाहात मात्र टीव्ही लावायची सोय राहिली नाही इतक्या जाहिराती. ती स्वतः कुणाला मत देते ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तो गोल डोक्यात राहिला. मंडळाच्या शुक्रवारच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा प्रश्नांवर प्रश्न आले, आणि एकाचंही उत्तर मला धड देता येईना. सर म्हणाले, "मग लिहूनच दे." मी साहित्याची विद्यार्थिनी, गणिताशी दहावीनंतर अबोला. तरी हे लिहिते आहे, कारण वाचता वाचता हे प्रकरण मला भलतंच गुंतवून गेलं.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि दर चार वर्षांनी नव्याने विसरलेलं असतं. तिथे एक निर्वाचक मंडळ आहे. प्रत्येक राज्याला निर्वाचक मिळतात ते त्याच्या प्रतिनिधीगृहातल्या जागांइतके, अधिक सिनेटच्या दोन जागांचे दोन. प्रतिनिधीगृहाचे 435, सिनेटचे 100, आणि 1961 च्या 23 व्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला दिलेले 3, असे मिळून 538. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे 270 लागतात.

आता खरी मेख. हे निर्वाचक कसे नेमायचे ते घटनेने ठरवलेलंच नाही. राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या रीतीने, एवढंच दुसऱ्या अनुच्छेदात म्हटलंय. आणि आज 48 राज्यांनी आणि राजधानीने एकच रीत धरलेली आहे: राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक. ज्याच्या हाती ससा तो पारधी. एका मताने जिंका नाहीतर वीस लाखांनी, फळ तेच.

याचे परिणाम आकड्यांत पाहिले की माणूस चक्रावतो. 2020 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यात पडली? टेक्सास नाही, फ्लोरिडा नाही. कॅलिफोर्नियात. साठ लाखांहून जास्त. आणि कॅलिफोर्नियाच्या 55 निर्वाचकांपैकी त्यांना मिळाले शून्य. त्याच निवडणुकीत टेक्सासमध्ये जो बायडन यांना 52 लाखांवर मतं पडली, आणि टेक्सासच्या 38 पैकी त्यांनाही शून्य. म्हणजे दोन्ही पक्षांचे मतदार कुठे ना कुठे रांगेत उभे राहून, मत देऊन, हिशोबातून पुसले जातात. माझी मावशी ह्यूस्टनला असताना तिच्या दारात कुणी का फिरकत नव्हतं ते आता कळतं. टेक्सासचं काय होणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, मग तिथे कोण कशाला पेट्रोल जाळेल? 2024 मध्ये सगळी लढाई सात राज्यांत झाली: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेव्हाडा. बाकीच्यांनी बघत बसायचं.

आणि कधी कधी देशभर जास्त मतं मिळवणारा हरतो. 2000 साली अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांवर जास्त मतं होती. पण फ्लोरिडात बुश 537 मतांनी पुढे राहिले, तिथले सगळे 25 निर्वाचक त्यांना गेले आणि एकूण 271 वर ते राष्ट्राध्यक्ष झाले. 537! आमच्याकडे ग्रामपंचायतीचा निकालसुद्धा याहून मोठ्या फरकाने लागतो. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांवर जास्त मतं होती, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून 78 हजारांच्या आतल्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेली. 2020 मध्ये बायडन तब्बल 70 लाखांनी पुढे होते, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली त्यांची आघाडी एकत्र केली तर 43 हजारांच्या आत बसते. ती तीन राज्यं तिकडे गेली असती तर सामना 269-269 असा बरोबरीत सुटला असता.

हे वाचल्यावर कुणालाही जे सुचेल तेच मलाही सुचलं: मग मतांच्या प्रमाणात वाटून टाका की! राज्यात साठ टक्के मतं, तर साठ टक्के निर्वाचक. कॅलिफोर्नियात 2020 ला बायडन यांना साधारण 35 आणि ट्रम्प यांना 19 मिळाले असते. वायोमिंगसारख्या तीन निर्वाचकांच्या राज्यात ट्रम्प यांना दोन आणि बायडन यांना एक. 2000 च्या फ्लोरिडात दोघांना जवळपास सारखेच, आणि ती छत्तीस दिवसांची ओढाताण, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली, फार तर एखाद्या निर्वाचकापुरती उरली असती. इतकी सरळ गोष्ट. मग दोनशे वर्षांत ती का झाली नाही?

उत्तरासाठी मागे जावं लागतं, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

सुरुवातीला राज्यांच्या रीती वेगवेगळ्या होत्या. कुठे विधिमंडळच निर्वाचक नेमायचं, कुठे जिल्हे पाडून एकेक निर्वाचक निवडायचे. 1796 मध्ये जॉन ॲडम्स यांनी थॉमस जेफरसन यांना 71 विरुद्ध 68 असं हरवलं. त्या 71 मधला एक निर्वाचक जेफरसन यांच्या स्वतःच्या व्हर्जिनियातून आला होता आणि एक शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातून, कारण तिथे जिल्हावार निवड होती. ते दोन जेफरसनकडे असते तर 70-69 ने तेच जिंकले असते. आता जानेवारी 1800 मध्ये जेफरसन जेम्स मन्रो यांना पत्र लिहितात. पत्राचा मतलब असा: जिल्हावार निवड सगळीकडे होणार असेल तर ती सर्वांत उत्तम, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, पण दहा राज्यं आपली मतं एकगठ्ठा देत असताना उरलेल्या सहांनी ती वाटत बसणं हा मूर्खपणा आहे, मूर्खपणाहूनही वाईट आहे. व्हर्जिनियाने त्याच वर्षी रीत बदलली आणि सगळे 21 निर्वाचक जेफरसन यांना दिले. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये ॲडम्स यांच्या पक्षानेही जिल्हे मोडून निवड विधिमंडळाच्या हाती घेतली. एकाने गठ्ठा बांधला की दुसऱ्याला बांधावाच लागतो. 1836 पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सगळ्या राज्यांत 'जिंकेल त्याला सगळं' झालेलं होतं.

कुणी हे न्याय्य म्हणून निवडलं नव्हतं. जेफरसन यांनी तर ते चूक आहे हे मान्य करूनच केलं. मी ते पत्र वाचून थोडी थबकले, कारण त्यांचा युक्तिवाद मला खोडता येईना.

आणि तो आजही खोडता येत नाही, याचा पुरावा कोलोरॅडो. 2004 मध्ये तिथे जनमतासाठी एक प्रस्ताव आला, दुरुस्ती क्रमांक 36. राज्याचे 9 निर्वाचक मतांच्या प्रमाणात वाटायचे, आणि तेही त्याच वर्षीच्या निवडणुकीपासून. विरोधकांचा मुद्दा एका वाक्याचा होता: अटीतटीच्या लढतीत आपले नऊ निर्वाचक 5-4 असे वाटले जातील, म्हणजे जिंकणाऱ्याला फायदा फक्त एकाचा, मग इथे येईल कोण? सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. गंमत अशी, की हीच रीत चार वर्षं आधी, 2000 साली, असती तर कोलोरॅडोच्या तेव्हाच्या 8 पैकी 3 गोर यांना गेले असते आणि राष्ट्राध्यक्ष बदलला असता. एका राज्याने एकट्याने प्रामाणिक व्हायचं ठरवलं तर ते स्वतःचं वजन कमी करून घेतं, आणि प्रतिस्पर्ध्याची राज्यं गठ्ठा तसाच ठेवतात. कॅलिफोर्नियाने 20 निर्वाचक विरोधकांना द्यायचे आणि टेक्सासने एकही नाही, असं कोण कबूल करेल?

म्हणजे केलं तर सगळ्यांनी एकदम. समजा केलं. तरी दोन अडचणी उरतात, आणि दोन्ही मला वही-पेन घेऊन बसल्यावर समजल्या.

पहिली अडचण फुटकळ वाटते, पण नाही. निर्वाचक ही हाडामांसाची माणसं असतात. अर्धा निर्वाचक नेमता येत नाही. विस्कॉन्सिनला 10 निर्वाचक आहेत. दोनच उमेदवार धरले तर 45 ते 55 टक्क्यांमध्ये कुठेही असलात तरी वाटणी 5-5. सहावा मिळवायला 55 टक्क्यांच्या वर जावं लागेल. 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही वेळा विस्कॉन्सिनचा फरक एक टक्क्याच्याही आत होता. म्हणजे आज जे राज्य अख्ख्या देशाचा श्वास रोखून धरतं, ते तिन्ही वेळा बरोबरीत सुटलं असतं आणि तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना, प्रत्येकी 16, तिथेही 8-8. पण मिशिगनला 15 आहेत, तिथे 8-7, म्हणजे अर्ध्या टक्क्यासाठीही झुंज. चार निर्वाचकांच्या राज्यात 2-2 ची कोंडी फोडायला साडेबासष्ट टक्के लागतील, तर तीनवाल्या राज्यात पन्नास टक्क्यांवरच एक निर्वाचक इकडचा तिकडे होतो. थोडक्यात, राज्याचं महत्त्व ठरणार कशावर, तर त्याच्या निर्वाचकांची संख्या सम आहे की विषम! लोकशाहीचं हे काय माप झालं? यावर उपाय एकच, माणसं काढून टाका आणि मतं दशांशात मोजा. पण त्याला घटनादुरुस्ती लागते, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर 38 राज्यांची संमती.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. 270 ची अट. गठ्ठा पद्धतीचा एक गुण असा, की ती छोट्या आघाडीची मोठी आघाडी करून दाखवते आणि तिसऱ्याला चिरडते. 1992 मध्ये रॉस पेरो या अपक्ष उमेदवाराला जवळपास 19 टक्के मतं पडली. निर्वाचक शून्य. बिल क्लिंटन यांना 43 टक्के मतांवर 370 निर्वाचक मिळाले. प्रमाणशीर वाटणी असती तर क्लिंटन साधारण 231 वर थांबले असते, आणि 270 कुणाकडेच नसते. मग काय होतं? 1804 च्या 12 व्या दुरुस्तीनुसार निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते, आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटी लोकांना एक, वायोमिंगच्या सहा लाखांहून कमी लोकांनाही एक. 1824 मध्ये असंच झालं होतं: अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे सर्वांत जास्त मतंही होती आणि सर्वांत जास्त निर्वाचकही, 99; पण गृहाने 84 वाल्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं. म्हणजे अन्याय टाळायला प्रमाण आणायचं, आणि त्या प्रमाणामुळेच त्याहून मोठ्या अन्यायाच्या दारात जाऊन उभं राहायचं. 2016 मध्येही दोघांपैकी कुणालाच पन्नास टक्के नव्हते. हे अपवादाने घडलं नसतं, वारंवार घडलं असतं.

इथे मला आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक आठवली. आपल्याकडेही निर्वाचक मंडळच आहे, खासदार आणि आमदारांचं. आमदाराच्या मताचं मूल्य 1971 च्या जनगणनेवरून ठरतं: कर्नाटकात 131, महाराष्ट्रात 175, गोव्यात 20. म्हणजे आमच्या बेळगावच्या आमदाराचं मत 131 चं आणि पलीकडे चंदगडच्या आमदाराचं 175 चं. (हे घरी सांगितल्यावर पप्पांनी जो चेहरा केला तो इथे लिहिता येत नाही.) पण राज्याची मतं गठ्ठ्याने कुणालाच जात नाहीत, प्रत्येक आमदाराचं मत त्याने खूण केली तिकडे जातं. आणि बहुमताच्या प्रश्नावर आपल्या घटनेने आधीच तोड काढून ठेवली आहे: घटनेच्या 55 व्या अनुच्छेदानुसार पसंतीक्रम लिहायचा. 1969 मध्ये पहिल्या पसंतीच्या मतांत कुणालाच ठरलेला आकडा गाठता आला नाही, तेव्हा पुढच्या पसंतीची मतं मोजली गेली आणि वराहगिरी व्यंकट गिरी निवडून आले. दुसऱ्या कुणा सभागृहाकडे जावं लागलं नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याने 2020 पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी पसंतीक्रमाचं मतदान सुरू केलं आहे, पण ते आपल्या राज्यापुरतंच.

मेन म्हटल्यावर परत ओमाहाकडे. 48 राज्यं गठ्ठा बांधतात असं मी म्हटलं. उरलेली दोन म्हणजे मेन, 1972 पासून, आणि नेब्रास्का, 1992 पासून. तिथे दोन निर्वाचक राज्यात जिंकणाऱ्याला आणि बाकीचे काँग्रेसच्या मतदारसंघानुसार एकेक. नेब्रास्काला एकूण 5, त्यातला दुसरा मतदारसंघ म्हणजे ओमाहा. 2008 मध्ये बराक ओबामा यांनी तो पहिल्यांदा फोडला, 2020 मध्ये बायडन यांनी. पुष्कळ जण हिला प्रमाणशीर पद्धत समजतात, मीही समजले होते, पण ती तशी नाही. ती म्हणजे मोठ्या गठ्ठ्याऐवजी छोटे गठ्ठे. आणि मतदारसंघांच्या रेषा राजकारणी आखतात. 2012 मध्ये ओबामा सुमारे 50 लाख मतांनी जिंकले होते, पण मिट रॉम्नी यांना मतदारसंघ जास्त मिळाले होते, 226. सगळ्या देशात नेब्रास्काची रीत असती तर रॉम्नी 274-264 ने राष्ट्राध्यक्ष झाले असते. तेव्हा निळा ठिपका कितीही गोजिरा दिसला तरी तो सगळीकडे छापून चालणार नाही.

खरी प्रमाणशीर वाटणी अमेरिकेच्या सर्वांत जवळ आली होती 1950 मध्ये. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री कॅबट लॉज आणि टेक्सासचे प्रतिनिधी एड गॉसेट यांची घटनादुरुस्ती. निर्वाचक माणसं रद्द, राज्याची मतं हजाराव्या भागापर्यंत वाटायची, आणि 270 च्या अटीऐवजी 40 टक्के पुरेत. म्हणजे वर मी ज्या दोन अडचणी मोठ्या शोधाच्या थाटात सांगितल्या, त्या दोन्ही या लोकांनी आधीच सोडवून ठेवल्या होत्या! फेब्रुवारीत सिनेटने ती 64-27 ने मंजूर केली. जुलैमध्ये प्रतिनिधीगृहाने पाडली.

पाडली का, हे वाचताना माझं मन जरा खट्टू झालं. गॉसेट यांची तक्रार अशी होती, की न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्यांत कृष्णवर्णीय, ज्यू, कामगार संघटना अशा संघटित अल्पसंख्य गटांना अवाच्या सवा महत्त्व येतं, कारण गठ्ठा ज्यांच्या मतांवर फिरतो ते हेच लोक. ते खरंही होतं. उत्तरेतल्या शहरांत कृष्णवर्णीय मतदार तराजू झुकवू शकत होता आणि म्हणूनच दोन्ही पक्षांना त्याचं ऐकावं लागत होतं. दक्षिणेत काय स्थिती होती? तिथे मतदान-कर आणि तऱ्हेतऱ्हेच्या अडथळ्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासूनच दूर ठेवलं होतं. पण राज्याचे निर्वाचक लोकसंख्येवर ठरतात, त्यात ते मोजले जात होतेच. आता मतांच्या प्रमाणात वाटा म्हटलं की उत्तरेची राज्यं अर्धी अर्धी वाटली जाणार, आणि एकपक्षीय दक्षिण आपला वाटा जवळपास अख्खा ठेवणार, तोही ज्यांना मत नाकारलं त्यांची डोकी मोजून. कागदावरचं प्रमाण बिनचूक, पण प्रमाण कशाचं, तर जी मतं पडू दिली त्यांचं. 1956 मध्ये अशाच एका प्रस्तावाला सिनेटमध्ये तरुण जॉन केनेडी यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, हे सत्तेचं अख्खं ग्रहमंडळ आहे. एका ग्रहाचा तोल बदललात तर बाकीच्यांचाही पाहावा लागेल.

बेळगावात वाढलेल्या माणसाला हा मुद्दा पटकन कळतो. राज्य म्हणजे एकजीव वस्तू नसते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही; दुकानाच्या पाट्यांवरून आम्ही ते रोज वाचतो. म्हणून मला आधी प्रमाणशीर वाटणीचं अतोनात आकर्षण वाटलं होतं. राज्याच्या पोटातल्या लहान गटाचं मतही मोजलं जावं, इतकी साधी इच्छा. पण गठ्ठा पद्धतीत लहान गट दोन प्रकारचे असतात. ह्यूस्टनच्या मावशीसारखे, जे पुसले जातात. आणि 1950 च्या हार्लेममधले, ज्यांच्याकडे त्या पद्धतीमुळेच किल्ली आली होती. गट लहान आहे एवढं कळून भागत नाही; त्याच्या राज्यात लढत चुरशीची आहे का, आणि त्याला मत देऊ देतात का, हेही विचारावं लागतं.

1965 च्या मताधिकार कायद्यानंतर दक्षिणेचं चित्र बदललं. आज गठ्ठ्याखाली गाडल्या जाणाऱ्यांत मिसिसिपी, अलाबामातले कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराला तिथून एकही निर्वाचक मिळत नाही. त्यामुळे मला विचाराल तर आज मी लॉज-गॉसेटच्या बाजूने मत देईन, दशांशासकट आणि 40 टक्क्यांसकट. 1950 मध्ये मात्र विरोधात दिलं असतं. आमच्या बैठकीत एक जण म्हणाला, मग सरळ देशभरची मतंच मोजा ना, हा द्राविडी प्राणायाम कशाला? बरोबर आहे. वायोमिंगच्या माणसाचं वजन कॅलिफोर्नियाच्या माणसाच्या जवळपास चौपट असतं, ते प्रमाणशीर वाटणीनेही जात नाही. 1969 मध्ये थेट निवडणुकीची दुरुस्ती प्रतिनिधीगृहात प्रचंड बहुमताने मंजूरही झाली होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबण लावून ती मारली. आता काही राज्यांनी आपसात करार केला आहे, की देशात ज्याला जास्त मतं त्यालाच आपण सगळे निर्वाचक द्यायचे. पण करार लागू व्हायचा तो सह्या करणाऱ्यांची बेरीज 270 झाल्यावरच. 2024 पर्यंत ती 209 झाली होती. जेफरसन यांच्या कोड्यावरचं मला दिसलेलं हे एकमेव हुशार उत्तर: मी एकटा आधी उडी मारणार नाही, आपण सगळे एकदम मारू.

आणि ओमाहाचं पुढे काय झालं? सप्टेंबर 2024 मध्ये नेब्रास्काचा कायदा बदलून पाचही निर्वाचक एकगठ्ठा करायचा जोरदार प्रयत्न झाला. कारण उघड होतं. कमला हॅरिस यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया जिंकून बाकीची चुरशीची राज्यं गमावली असती, तर ओमाहासकट बरोबर 270, ओमाहाशिवाय 269. मेनमधूनही इशारा आला होता, की तुम्ही बदललंत तर आम्हीही बदलू. म्हणजे 1800 चंच नाटक, फक्त पात्रं नवी. तिथल्या एकगृही विधिमंडळात चर्चा रोखून धरणाऱ्यांना मोडायला 49 पैकी 33 मतं लागतात, ती जमली नाहीत. प्रत्यक्षात ट्रम्प 312-226 ने जिंकले आणि ओमाहाचा एक निर्वाचक हॅरिस यांना जाऊनही कशालाच कारण झाला नाही. एप्रिल 2025 मध्ये तेच विधेयक पुन्हा आलं आणि पुन्हा 33 पर्यंत पोचलं नाही.

हे सगळं मी मागच्या रविवारी मावशीला सांगायला घेतलं. 1796 पर्यंत तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुला परीक्षा नाही काय गं? हे काय वाचूलालीस?" शेजाऱ्याची पाटी आता अंगणात नाही. त्याने ती गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्यामागे उभी करून ठेवली आहे, असं ती म्हणाली.